डोंबिवलीचा फ्लॅट विकून कोकणात घर घेताना

कोकणात घर बघायला माणसं डिसेंबरात येतात. हवा गार असते, विहिरींना पाणी असतं, आंब्याला मोहर धरू लागलेला असतो. त्या दिवसांत बघितलेलं प्रत्येक घर घ्यावंसं वाटतं. आम्ही दोघंही २०२१ च्या डिसेंबरात डोंबिवलीहून असेच आलो आणि गुहागरच्या वाटेवरचं एक कौलारू घर बघून त्याच दिवशी विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायला निघालो. माझ्या नणंदेने अडवलं. "वहिनी, मे महिन्यात एकदा येऊन बघा, मग द्या पैसे." मेच्या तिसऱ्या आठवड्यात परत गेलो तेव्हा त्या विहिरीच्या तळाचा कातळ दिसत होता आणि वाडीतल्या बायका टँकरची वाट बघत रांगेत बसल्या होत्या.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे होतं, कारण जांभा, म्हणजे इथला सच्छिद्र लाल दगड, पाणी धरून ठेवत नाही. पडलेलं पाणी दऱ्याखोऱ्यांतून समुद्राला जातं. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यांत कळकळीचं सांगणं हे की कोकणातलं घर एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै महिन्यात बघितल्याशिवाय घेऊ नका. पुढचं सगळं याच्यानंतर.

शहरातलं घर लगेच विकू नका

डोंबिवली, कल्याण, बदलापूर या भागांत एका बेडरूमच्या फ्लॅटला जी किंमत येते तेवढ्यात चिपळूण, संगमेश्वर, लांजा किंवा राजापूर तालुक्यात आवार असलेलं घर होतं आणि वर काही शिल्लकही राहते. हा हिशेब खरा आहे, पण त्यात घाई आली की तोच अंगावर येतो. फ्लॅट विकून हातात पैसे आले की ते खर्च करायची ओढ लागते, आणि दलालालाही ते कळतं.

आम्ही फ्लॅट ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला आणि त्या भाड्यातून चिपळूणजवळ भाड्याचं घर घेतलं. दोन्ही करार नोंदवून घेतले. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. लहान गावात घरमालक "कशाला कागद, आपण आहोत ना" म्हणतात. नम्रपणे सांगा की गॅस कनेक्शनला आणि बँकेला पत्त्याचा पुरावा लागतो. ते ऐकतात.

खर्चाचं गणित मांडताना घराच्या किमतीत एवढ्या गोष्टी मिळवा: मोजणी, वकील, मुद्रांक शुल्क, छप्पर दुरुस्ती, विहिरीचा गाळ काढणं, पंप, इन्व्हर्टर, गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, किंवा तारेच्या कुंपणाची डागडुजी आणि एक दुचाकी. यातली शेवटची गोष्ट चैनीची नाही. वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर अंतर असतं आणि एसटी दिवसातून मोजक्याच वेळा येते.

तालुका निवडताना

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके आहेत. किनाऱ्याची गावं पर्यटनामुळे महाग झाली आहेत. समुद्रापासून आत, रेल्वेच्या आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपासचा पट्टा त्या मानाने अजून परवडतो आणि राहायलाही सोयीचा पडतो. मुंबईत आईवडील, मुलं किंवा दवाखान्याच्या तारखा असतील तर रेल्वे स्थानकाचं अंतर हाच पहिला निकष ठेवा.

दुसरा निकष दवाखाना. साध्या तापाला गावातलं आरोग्य केंद्र पुरतं. हृदयविकाराचा झटका, साप चावणं किंवा अपघात झाला तर मोठ्या रुग्णालयापर्यंत रात्री किती वेळात पोचता येईल, हे गाडीत बसून घड्याळ लावून बघा, आणि तेही पावसात. आम्ही चिपळूण तालुका धरला त्यामागे डेरवणचं वालावलकर रुग्णालय हे मोठं कारण होतं. कुंभार्ली घाटाने कराडला जाता येतं, पण अतिवृष्टीत घाट बंद होतो. त्या वाटेवर भिस्त ठेवू नका.

घरून काम करणाऱ्यांनी मोबाइलची रेंज अंगणात उभं राहून तपासू नये. जाड चिऱ्याच्या भिंतींच्या आत, माजघरात, दार लावून तपासावी. मुलं शाळेत जाणारी असतील तर दहावीनंतर काय, हा प्रश्न आजच घरात बसून बोला.

एक पावसाळा भाड्याने राहा

या वर्षभरात घर शोधायचं नाही असं नाही, पण विसार द्यायचा नाही. या काळात जे कळतं ते कुठल्याच कागदावर नसतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि बाजारपेठेतले तळमजले बुडाले. आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हाही काही भिंतींवर त्या पाण्याची रेघ दिसत होती. शहरात किंवा नदीकाठच्या गावात घर बघताना शेजारच्या तीन घरांत विचारा, "एकवीसला पाणी कुठवर आलं होतं?" माणसं हात वर करून दाखवतात. मग जलसंपदा विभागाची पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. लाल आणि निळ्याच्या मध्ये असेल तर जोतं किती उंच आहे यावर ठरवा. नदीच्या वरच्या अंगाला धरण असेल तर त्याचीही चौकशी करा. २ जुलै २०१९ च्या रात्री याच तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली.

डोंगराचं तसंच. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही ठिकाणी जुलै महिना आणि दरड. घर उताराच्या पायथ्याशी आहे का, मागचा डोंगर रस्त्यासाठी किंवा नव्या प्लॉटसाठी कापला आहे का, पावसाळ्यात घराच्या मागून नवीन झरे फुटतात का, हे जुलैत चालत जाऊन बघण्याचं काम आहे. जमिनीला भेगा दिसल्या किंवा झाडं एका बाजूला कललेली दिसली तर तिथून परत फिरा.

वीज किती जाते हेही याच महिन्यांत कळतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड आणि दापोलीच्या कितीतरी गावांत लोकांनी अंधारात दिवसच्या दिवस काढले.

आणि माणसं. वाडीत सहा महिने राहिलात की कुठलं घर का रिकामं आहे, कुठल्या भावांचं पटत नाही, कुठल्या जागेवर दावा चालू आहे हे आपोआप कानावर येतं. आमचं आत्ताचं घर आम्हाला दलालाने नाही, दूध घालणाऱ्या काकींनी दाखवलं.

नेमकं काय विकत घेताय?

कोकणात "घर" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, शहरातला फ्लॅट किंवा रो हाऊस. बिल्डरचा नवा प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर आणि आठांहून जास्त सदनिकांचा असेल तर त्याची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात, नोंदणी लागते. तो क्रमांक संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीआधीचा करार, होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. हा प्रकार कागदाच्या बाजूने सगळ्यांत सोपा, आणि कर्जही याच्यावरच सहज मिळतं.

दुसरी, बिनशेती प्लॉटवरचं घर. मंजूर रेखांकन, बिनशेती आदेश, स्वतंत्र सातबारा, बांधकाम परवानगी हे सगळं असेल तर उत्तम. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही महारेराचे नियम लागू आहेत.

तिसरी, वाडीतलं जुनं घर. मनाला हेच भुरळ घालतं आणि फसगतही इथेच सगळ्यांत जास्त होते, म्हणून इथे थांबून सांगते.

घाटावर गाव म्हणजे गावठाण, एका जागी घरं आणि भोवती शेती. कोकणात वाड्या विखुरलेल्या. कितीतरी घरं गावठाणात नाहीतच, ती शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. मालक तुम्हाला ग्रामपंचायतीचा घराचा उतारा दाखवतो, घरपट्टीच्या पावत्या दाखवतो. तो उतारा कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. घराखालची जमीन कुणाची हे सातबाराच सांगतो. गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन पुष्कळ गावठाणांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तुमच्या गावाची झाली का ते विचारा.

आणि घर शेतजमिनीवर असेल तर पुढचा प्रश्न असा की तुम्ही शेतकरी आहात का? महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घाबरून लगेच सोडून देऊ नका. तुमचं किंवा यजमानांचं राज्यात कुठेही, अगदी वडिलोपार्जित दोन गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावरही नाव असेल, तर तुम्ही शेतकरी ठरू शकता. आजोबांचं नाव असून तुमची वारस म्हणून नोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या. तसं काहीच नसेल तर बिनशेती किंवा गावठाणातलीच जागा बघा. "आधी घेऊन टाका, मग करू बिनशेती" असं सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर "पाच गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट" अशा जाहिराती येतात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे असे बारीक तुकडे पाडून विकण्यावर तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्याचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, म्हणून चालू नियम तहसील कार्यालयातच विचारा. पण एका मोठ्या सातबाऱ्यावर वीस-वीस अनोळखी माणसांची नावं सामाईक चढवून "हा तुमचा कोपरा" म्हणून दाखवतात तो प्रकार कुठल्याही नियमात टाळण्यासारखाच आहे. उद्या त्या वीसांपैकी एकाने दावा लावला की सगळेच अडकतात.

सातबारा वाचायला शिका

महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) प्रत्येकी १५ रुपयांत मिळतो. मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, स्वतः काढा.

नावांचा रकाना आधी. आमच्या सासऱ्यांच्या गावच्या जमिनीवर २७ नावं आहेत. त्यातली काही माणसं हयात नाहीत, काही मुंबईत कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. गिरण्यांच्या काळात कोकणातली माणसं मुंबईला गेली, वारसनोंदी मागे राहिल्या. आम्हाला तिथेच घर बांधायचं होतं. चार महिने खटपट केली, मग सोडून दिलं, आणि ते दुःख अजून आहे. तुम्ही घेणार असाल त्या सातबाऱ्यावर नावं सामाईक असतील तर प्रत्येकाची सही लागेल. मयताच्या वारसांच्या नोंदी आधी पूर्ण व्हायला हव्यात. "बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांचा काही संबंध नाही" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. ते चूक आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणींनी एकतर खरेदीखतावर सही करायची, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं.

कुणी हिस्सेदार परदेशात असेल आणि कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होणार असेल तर ते पत्र रीतसर करून नोंदवलेलं आहे का आणि देणारा माणूस हयात आहे का, हे दोन्ही बघा. माणूस गेला की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं. परदेशी स्थायिक विक्रेत्याच्या पैशांतून कापायचा कर वेगळ्या आणि जास्त दराचा असतो, तेव्हा तो सीएला विचारूनच कापा. नाहीतर ती रक्कम आयकर खातं तुमच्याकडे मागतं.

मग भोगवटा वर्ग. वर्ग १ असेल तर मालक विकायला मोकळा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. देवस्थान इनाम, वतन, शासनाने दिलेली जमीन यांत हे सापडतं.

आणि "इतर हक्क" हा रकाना भिंग घेऊन वाचा. कोकणात खोतीची पद्धत होती, गावचा सारा खोत वसूल करायचा. ती १९४९ च्या कायद्याने गेली, मग कूळकायद्याने कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या. त्या सगळ्या उलथापालथीचे शेरे या एका रकान्यात बसलेले असतात. कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव असेल तर ते कमी झाल्याचा फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, मागा. कूळकायद्याच्या कलम ४३ च्या बंधनाचा शेरा असेल तर त्याच्या अटी विक्रीआधी पूर्ण करून घ्याव्या लागतात. "खाजगी वन" किंवा वन कायद्याच्या कलम ३५ चा उल्लेख दिसला तर पुढे जाऊच नका. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो फेडल्याचा दाखला आणि कमी झाल्याची नोंद घ्या. समुद्राजवळ भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत आणि खाडीकाठीही सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे, नियम लागतात.

यानंतर वकील. गावातला, महसुलाची कामं करणारा आणि विक्रेत्याचा कुणी नसलेला. मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल, जुने फेरफार, सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश, म्हणजे इंडेक्स टू) हे त्याच्याकडून लेखी घ्या. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा. आमच्या नोटिशीनंतर नवव्या दिवशी एका पुतण्याची लेखी हरकत आली. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पण ती हरकत मिटवूनच व्यवहार झाला. तीच हरकत दोन वर्षांनी कोर्टात आली असती तर घर आमचं आणि डोकेदुखीही आमचीच झाली असती.

मोजणी, वाट आणि पाणी

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विक्रेत्याने मोजणीचा अर्ज करावा आणि हद्दीच्या खुणा दाखवून क-प्रत नकाशा घ्यावा, असं साठेखतातच लिहून घ्या. गडगा म्हणजे हद्द नव्हे. आमच्या गडग्याच्या पलीकडे दीड गुंठा आमचा निघाला, आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांच्या दोन सुपारी आमच्या आवारात निघाल्या. दोन्ही गोष्टी चहा पिता पिता सुटल्या, कारण खरेदीआधी कळल्या.

वाटेचं प्रकरण मात्र चहावर सुटत नाही. घराकडे येणारी पाखाडी किंवा बैलगाडीची वाट कुणाच्या जमिनीतून येते? आज सगळे जातात म्हणून उद्या तुमची गाडी, तुमचे चिरे, तुमच्या वाळूचा ट्रक जाऊ देतीलच असं नाही. वाट नकाशावर किंवा ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदीत आहे का बघा. नसेल तर ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्याकडून वहिवाटीच्या हक्काचा नोंदणीकृत लेख करून घ्या. हे झाल्याशिवाय खरेदी नको. वाटेवरून दोन पिढ्या न बोललेली घरं मी इथे बघितली आहेत.

विहीर तुमच्या सातबाऱ्यावर आहे की सामाईक? सामाईक असेल तर कुणाचा पंप किती वेळ, हे विचारा. मेमध्ये बादली सोडून किती हात पाणी आहे ते मोजा. नळयोजनेचा नळ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, त्या नळाला एप्रिल-मेमध्ये पाणी कितव्या दिवशी येतं ते शेजारणीला विचारा. बोअरवेल असेल तर पाण्याची तपासणी करून घ्या. खाडीजवळ बोअरचं पाणी मचूळ लागतं.

घर तपासताना

चांगला गवंडी आणि चांगला सुतार, दोघांना घेऊन जा. त्यांची दिवसाची मजुरी द्या, फुकट मत मागू नका.

चिऱ्याची भिंत शंभर वर्षं टिकते, पण जोत्याशी ओल चढली असेल आणि चिऱ्यांचा भुगा होत असेल तर तिथे पाणी मुरतंय. पागोळीचं पाणी घरापासून लांब जाईल असा उतार आहे का बघा. छपराखाली चढून आढं, वासे आणि रिपांवर टोकदार खिळा टोचून बघायचा. आत पोकळ लागला तर वाळवी. एक-दोन वासे बदलता येतात, आढं गेलं असेल तर सगळं छप्पर उतरवावं लागतं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यायला हवेत. कौलारू घर दर वर्षी शाकारावं लागतं आणि ते काम करणारी माणसं कमी होत चालली आहेत. पुष्कळ जण वर पत्रा घालतात. त्यात उकाडा आणि पावसाचा आवाज वाढतो, पण माकडांनी कौलं फोडायचा प्रश्न सुटतो. आम्ही पुढची पडवी कौलारू ठेवली आणि मागे पत्रा घातला.

संडास कुठे आहे, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, हे विचारायला संकोच करू नका. विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे आणि थकबाकी आहे का, तेही.

व्यवहार आणि नोंदणी

विसार पावतीवर मोठी रक्कम देऊ नका. नोटरी केलेल्या कागदाने घर तुमचं होत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांनीही मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं.

मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर बसतं. ग्रामपंचायत हद्दीत दर कमी आहे, महापालिका हद्दीत जास्त. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते, नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. आम्ही माझ्या नावावर घेतलं. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या पैशांतून १ टक्का कर (टीडीएस) कापून भरायचा असतो.

"थोडे रोखीत द्या, कागदावर कमी दाखवू" असं सुचवलं जाईल. त्यात धोका तुमचाच. कागदावरची किंमत कमी असली की करसवलतीसाठी दाखवायची रक्कमही कमी होते, आणि उद्या व्यवहार मोडला तर ते रोख पैसे परत मागायला आधार नसतो.

फ्लॅट विकताना कराचं गणित

दोन वर्षांहून जास्त काळ मालकीचं असलेलं घर विकलं की नफा दीर्घकालीन ठरतो. समजा २००५ च्या दिवाळीत १२ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५ च्या दिवाळीत ७० लाखांना विकला. सरळ नफा ५८ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे ७ लाख २५ हजार कर. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी जुना पर्यायही आहे, खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरायचा. महागाई निर्देशांक तेव्हा ११७ होता, २०२५-२६ ला ३७६. म्हणजे १२ लाखांचे साधारण ३८ लाख ५६ हजार धरले जातात, नफा ३१ लाख ४४ हजार, त्यावर २० टक्के म्हणजे साधारण ६ लाख २९ हजार. उपकर वगैरे वेगळे. दोन्ही गणितं मांडून बघा. खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्कही खर्चात धरता येतं, त्या जुन्या पावत्या शोधून ठेवा.

नफा दुसऱ्या घरात गुंतवला की तेवढ्यावर कर लागत नाही. नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत घेता येतं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. "एक वर्ष आधी" या मुभेमुळेच आम्ही नातेवाइकांकडून हातउसने घेऊन, बँकेतून लेखी फिरवून, आधी इथलं घर घेतलं आणि मग फ्लॅट विकला. ज्यांना ते जमत नाही त्यांनी विवरणपत्राच्या मुदतीआधी उरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी. नुसती मोकळी जमीन घेतली आणि मुदतीत घर बांधलं नाही तर सवलत मिळत नाही. कोकणात बांधकाम पावसाळ्याचे चार महिने बंद असतं, तेव्हा तीन वर्षं म्हणजे कामाची जेमतेम दोन वर्षं समजा.

ताबा घेतल्यावर

खरेदीखतानंतर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, फेरफाराची नोंद झाली का ते स्वतः बघा. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव आल्यावर ग्रामपंचायतीत घरपट्टी, मग महावितरणचं मीटर, मग आधार, रेशनकार्ड, मतदार यादी, याच क्रमाने करा. प्रत्येक ठिकाणी आधीचा कागद मागतात.

वाडीत नवीन माणूस आला की शिमग्यात पालखी त्याच्या दारी येते का, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. होळीच्या आधी वाडीच्या बैठकीला जा, वर्गणी विचारून द्या, नारळ आणि ओटीचं साहित्य तयार ठेवा. शहरातून आलेल्यांनी पहिल्याच वर्षी उंच भिंत घालून फाटकाला कुलूप लावलं की लोक दूर होतात. आमच्याकडे पहिल्या पालखीला मी बावरून उभी राहिले तेव्हा शेजारच्या वहिनींनीच माझ्या हातात तबक दिलं आणि कुठे उभं राहायचं ते दाखवलं. त्या रात्रीनंतर मला इथे परकं वाटलं नाही.

मे संपताना आगोटची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी करा: चार महिन्यांचं सामान, सुकवलेली लाकडं, पडवीला लावायची ताडपत्री, औषधांचा डबा. आणि खरेदीखत, मोजणीचा नकाशा, शोध अहवाल हे कपाटात ठेवू नका. पहिल्या पावसाळ्यात आमच्या लाकडी कपाटातल्या कागदांना बुरशी धरली होती. सगळे कागद स्कॅन करून घ्या, आणि मूळ प्रती झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात, फडक्यात बांधलेल्या कोरड्या तांदळासोबत, जमिनीपासून उंच ठेवा. तांदूळ जुलैत एकदा बदला.